रिपोर्टची फाईल असू दे, ब्लॉक आणा

मी पुण्यात एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे, सतरा वर्षं झाली. लॅबमध्ये आहे म्हणलं की सगळ्यांना वाटतं रक्त तपासते. रक्त नाही हो, तुकडे. ऑपरेशनमधून नाहीतर बायोप्सीतून जे काही निघतं ते फॉर्मॅलीनच्या बाटलीत आमच्याकडे येतं, मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम ग्रॉसिंग करतात, म्हणजे तो तुकडा बघून, मोजून, कुठनं कापायचा ते ठरवून त्याचे छोटे काप कॅसेटमध्ये घालतात, रात्रभर मशीनमध्ये त्यातलं पाणी काढून मेण भरलं जातं आणि सकाळी मी त्याची मेणाची वडी पाडते. ही वडी म्हणजे ब्लॉक. त्यावरून मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा, कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर उचलायचा, रंग द्यायचा, झाली स्लाइड. पेशंटच्या हातात पडतो तो कागद या सगळ्याच्या शेवटी येतो. आणि लोक तेवढा कागदच जपतात, लॅमिनेट करतात, दहा झेरॉक्स काढतात. ब्लॉक नावाची काही वस्तू आहे आणि ती आपली आहे हेच कुणाला माहीत नसतं, आमच्या घरच्यांनाही नव्हतं.

वहिनीचं सांगते. तिला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली लिही, कुणाला तरी उपयोग होईल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तिला डाव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली गाठ लागली. आवळ्यापेक्षा लहान, दुखत नव्हती, ताप नाही, वजन कमी नाही. वय चौतीस, तंबाखू, मिसरी कशाचा संबंध नाही. फॅमिली डॉक्टरांनी आठवडाभर अँटिबायोटिक दिलं, मग एफएनएसी करायला सांगितली, म्हणजे बारीक सुईने थोड्या पेशी ओढून घेतात ती. ती आमच्याकडे नाही, तिच्या घराजवळच्या लॅबमध्ये झाली. रिपोर्ट आला की पेशी कमी आहेत, थोड्या लांबट पेशी दिसतायत, रिऍक्टिव्ह असावं, म्हणजे संसर्गाने वगैरे आलेली साधी सूज, गरज वाटल्यास बायोप्सी करा. शेवटची ओळ कुणी वाचली नाही. मानेत गाठ आणि वजन जेमतेम पंचेचाळीस किलो, त्यामुळे टीबीच असणार म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली.

यात मी डॉक्टरांना वाईट म्हणणार नाही, आपल्याकडे मानेतल्या न दुखणाऱ्या गाठीला आधी टीबी आठवतो आणि बऱ्याच वेळा तो असतोही. पण टीबी म्हणायला काहीतरी हाताला लागलं पाहिजे ना. सुईत ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत होतो तसा पेशींचा पुंजका, दिसला पाहिजे, जंतू दिसले पाहिजेत, टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅट टेस्ट पॉझिटिव्ह आली पाहिजे. यातलं काहीच नव्हतं. नुसत्या अंदाजावर वहिनीने दहा आठवडे त्या गोळ्या घेतल्या, लघवी केशरी व्हायची म्हणून घाबरायची, मळमळ तर रोजचीच, आणि गाठ वाढतच गेली. संक्रांतीला हळदीकुंकवाला तिने पदर मानेवरून घेतला होता आणि मला वाटलं थंडी वाजतेय तिला.

मग दादा तिला एका छोट्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेला. तिथे हात लावून बघितलं आणि सांगितलं की काढून टाकू, तासाभराचं काम, संध्याकाळी घरी. एमआरआय नाही, सीटी नाही. दादाने आदल्या रात्री मला फोन करून विचारलं, काय करू गं? आणि मी, रोज हेच तुकडे हाताळणारी, म्हणाले बरं होईल, एकदाचं निघून जाईल. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला दादा स्कूटरवरून थेट आमच्या लॅबच्या काउंटरला आला, हातात डबा. जेवणाचा असतो तसा प्लास्टिकचा डबा. गाठ चार तुकड्यांत काढलेली आणि सलाईनमध्ये बुडवलेली. ऑपरेशन सकाळी अकराला झालं होतं. दिवसभर ते तुकडे मिठाच्या पाण्यात. मी आत नेऊन पहिल्यांदा ते फॉर्मॅलीनमध्ये घातले, तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलीन लागतं तेवढं मोजून ओतलं, आणि मग तिथेच स्टुलावर बसले. शरीरातून बाहेर आलेला टिश्यू त्या मिनिटापासून सडायला लागतो. सलाईनने ते थांबत नाही, फॉर्मॅलीनने थांबतं. साडेसात तास म्हणजे पेशी सुजल्या असणार, केंद्रकं फिक्की झाली असणार, आणि पुढे ज्या टेस्ट लागतात त्यातल्या बऱ्याच या केंद्रकांवरच चालतात. शिवाय चार तुकडे म्हणजे गाठीची कड कुठली, आतली बाजू कुठली, काहीच सांगता येणार नव्हतं. नीट काढलेल्या गाठीला सर्जन दोरा बांधून पाठवतात, छोटा दोरा वरची बाजू, लांब दोरा बाहेरची, म्हणजे मार्जिन, कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलाय का ते, सांगता येतं.

ब्लॉक मीच कापले. मॅडम म्हणाल्या दुसऱ्या कुणाला दे, मी नाही म्हणलं. कडेच्या भागात टिश्यू चांगला टिकला होता, मधला गेला होता. रंग दिल्यावर मी स्वतः मायक्रोस्कोपखाली डोकावले, मला निदान करता येत नाही पण सतरा वर्षांत डोळ्याला कळायला लागतं. लांबट पेशी, चातीसारख्या, एकमेकींना चिकटून जुडग्याच्या जुडग्या, सगळीकडे एकसारख्या. लिम्फ नोड, म्हणजे टीबीत सुजते ती मानेतली ग्रंथी, नव्हताच तो कुठेच. मॅडमनी स्लाइड बघितली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, आयएचसी लावू, पूर्ण पॅनल लाव, एकदाच काप काढून ठेव. आयएचसी म्हणजे पेशीतलं एकेक प्रथिन शोधणारे खास स्टेन, आणि पॅनल म्हणजे त्यांचा संच.

हे एकदाच काप काढून ठेव फार महत्त्वाचं आहे म्हणून थांबून सांगते. ब्लॉक मायक्रोटोमवर पुन्हा चढवला की पृष्ठभाग सपाट करायला थोडं ट्रिम करावं लागतं आणि दर वेळी त्यात टिश्यू वाया जातो. आज दोन स्टेन मागवले, पुढच्या आठवड्यात तीन, मग परत चार, असं केलं की नाकातल्या नाहीतर घशातल्या तांदळाएवढ्या बायोप्सीत शेवटी नुसतं मेण उरतं. आणि खरी जी टेस्ट लागणार असते तिला काहीच मिळत नाही. तसंच हाडाचं. जबड्याच्या नाहीतर सायनसच्या बायोप्सीत हाडाची कपची असते, ती मऊ करायला ॲसिडमध्ये ठेवतात, आणि त्या ॲसिडने डीएनएची वाट लागते. म्हणून मऊ भाग आधी वेगळा करून त्याचा वेगळा ब्लॉक करायचा असतो. एवढीशी गोष्ट, पण धावपळीत राहून जाते.

आता लांबट पेशींची गाठ म्हणजे काय काय असू शकतं बघा. आपल्याकडे डोक्या-मानेचा कॅन्सर म्हणलं की तोंडाचा, तंबाखू-गुटख्याचा, तो वरच्या आवरणातून सुरू होतो, कार्सिनोमा. त्याचाच एक प्रकार लांबट पेशींचा असतो, म्हणून आधी तो नाही ना हे बघायचं, त्याला केराटिन आणि पी-४० हे स्टेन. मग मेलॅनोमा नाही ना, त्याला एस-१०० आणि सॉक्स-१०. मग स्नायूचा असेल तर डेस्मिन, मायोजेनिन, रक्तवाहिनीचा असेल तर सीडी-३१ आणि ईआरजी, आणि असं पुढे पुढे. हे स्नायू, चरबी, नसांची आवरणं, रक्तवाहिन्या अशा मऊ भागातून निघणारे कॅन्सर म्हणजे सॉफ्ट टिश्यू सार्कोमा. मोठ्या माणसांतल्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमा एक टक्क्याच्या आसपास, त्यातले डोक्या-मानेत होणारे त्याहूनही कमी, आणि प्रकार मात्र पन्नासच्या वर. म्हणजे एखाद्या पॅथॉलॉजिस्टला अख्ख्या नोकरीत त्यातले काही प्रकार एकदाही दिसत नाहीत. आमच्या मॅडमचं मला हेच आवडतं, त्या सरळ म्हणाल्या की मी सार्कोमा म्हणून सांगू शकते, त्यातला सायनोव्हियल नावाचा प्रकार असावा असं वाटतंय, पण नक्की नाव मी एकटी देणार नाही.

दरम्यान नर्सिंग होमने त्यांच्याकडे उरलेला आणखी एक तुकडा परस्पर दुसऱ्या लॅबला पाठवला होता. त्यांचा रिपोर्ट आला, नसेच्या आवरणाचा सार्कोमा. एस-१०० थोडासा लागला होता त्यावरून. घरात गोंधळ. आई म्हणायची दोन लॅब दोन बोलतात म्हणजे दोघेही खोटे, कॅन्सर नाहीचे. दादा चिडला होता. मला त्याला समजावताना घाम फुटला, कारण दोन्ही लॅबवाल्यांनी आपापल्या जागी नीटच काम केलं होतं, सायनोव्हियल सार्कोमामध्येही बऱ्याच केसमध्ये एस-१०० लागतो. टीएलई-१ नावाचा स्टेन आमच्याकडे जोरात लागला होता पण तोही फक्त त्याच्यातच लागतो असं नाही.

मग मॅडमनी मला एक पेपर वाचायला दिला, २०१२ चा, ॲनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी मधला. युरोपातल्या तीन भागांतल्या १४६३ सार्कोमा पेशंटच्या स्लाइड तज्ज्ञांनी परत तपासल्या, तर पहिलं निदान आणि तज्ज्ञांचं निदान पूर्ण जुळलं ते फक्त ५६ टक्के. ३५ टक्क्यांत थोडा फरक, म्हणजे ग्रेड नाहीतर उपप्रकार वेगळा, आणि ८ टक्क्यांत पूर्णच वेगळं. युरोपात, जिथे सगळी साधनं आहेत तिथे. दुसरा फ्रान्सचा, २०१६ चा, लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमधला, त्यात तर तज्ज्ञांनीच केलेलं निदान मॉलिक्युलर, म्हणजे जनुकांच्या, टेस्टनंतर ३८४ पैकी ५३ जणांमध्ये बदललं. मी ते आकडे मराठीत कागदावर लिहून दादाला दाखवले. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, म्हणजे परत तपासणं हा अविश्वास नाहीये, ती पद्धतच आहे. म्हणलं हो रे.

मग मुंबई. शिवनेरीने दादर आणि तिथून टॅक्सीने परळ, टाटा मेमोरियल. तिथे बाहेरचा रिपोर्ट बघून ट्रीटमेंट सुरू करत नाहीत, बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक त्यांच्याकडे परत तपासतात. आमच्यापुढे रांगेत साताऱ्याकडचे एक काका होते, गुडघ्यावर ही जाड फाईल, सगळं नीट लावलेलं, सीटीच्या सीडी, बिलं, पण ब्लॉक नव्हते. जिथे ऑपरेशन झालं तिथे मागायला त्यांना परत जावं लागलं. एक एसटी जायची, एक यायची, मध्ये रविवार. मी पोस्टचं शीर्षक त्या काकांवरून ठेवलंय.

वहिनीच्या ब्लॉकवर फिश नावाची टेस्ट झाली. मला ती फार सुंदर वाटते, कॅन्सरच्या बाबतीत हा शब्द वापरू नये पण वाटते खरी. एसएस-१८ नावाचं जनुक अठराव्या क्रोमोसोमवर असतं. त्याच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा चमकणारा ठिपका चिकटवतात. निरोगी पेशीत दोन्ही शेजारी शेजारी, जवळजवळ पिवळे दिसतात. सायनोव्हियल सार्कोमामध्ये ते जनुक तुटून एक्स क्रोमोसोमवरच्या एसएसएक्स जनुकाला जाऊन जुळलेलं असतं, म्हणून लाल एकीकडे आणि हिरवा दुसरीकडे. तुटलेलं दिसलं. नाव नक्की झालं, मोनोफेजिक, म्हणजे नुसत्या लांबट पेशींचा, सायनोव्हियल सार्कोमा. आणि या सायनोव्हियलचा सांध्याशी संबंध नाही बरं का, पूर्वी सांध्याच्या अस्तरातून येतो असं समजायचे म्हणून नाव पडलं. आई अजून शेजारणींना सांगते की सुनेला सांध्याचा कॅन्सर मानेत झाला, मी आता दुरुस्त करायचं सोडलंय.

नावावर एवढं काय अडतं असं मलाही आधी वाटायचं, शेवटी काढायचाच ना. अडतं. सायनोव्हियलला आयफॉस्फमाइडसारखी केमो बऱ्यापैकी लागू पडते, नसेच्या आवरणाच्या सार्कोमाला तेवढी नाही. कातडीखालचा डीएफएसपी म्हणून एक असतो, तो फार पसरला तर इमॅटिनिबच्या गोळीला दाद देतो कारण त्यातही एक ठराविक जनुकांची जोडणी असते. अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा, जो लहान मुलांत जिभेत आणि डोळ्याच्या खोबणीत होतो, त्याच्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एक इम्युनोथेरपीचं औषध मंजूर केलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पसरलेल्या सायनोव्हियल सार्कोमासाठी पेशंटच्याच पेशी बदलून द्यायची थेरपी. ही औषधं आपल्या खिशाच्या किती जवळ आहेत तो वेगळा विषय. पण नाव चुकलं की त्या दारापर्यंत पोचताच येत नाही.

आणि काही नावं तर अगदी नवीन आहेत. नाकाच्या वरच्या भागात, बायकांमध्ये जास्त होणारा एक सार्कोमा आहे, बायफेनोटिपिक सायनोनेझल, त्याचं पहिलं वर्णन २०१२ मध्ये मेयो क्लिनिकच्या पॅथॉलॉजिस्टनी केलं. त्याआधीही तो होताच, फक्त दुसऱ्याच नावांखाली रिपोर्ट व्हायचा. म्हणून जुने ब्लॉक टाकून देऊ नयेत असं मला फार वाटतं.

माझ्या कामात आलेली आणखी दोन चित्रं आहेत जी डोक्यातून जात नाहीत. एक आजोबा, टक्कल, डोक्यावर जांभळट डाग. घरच्यांना वाटलं दार लागलं असेल, दोन-तीन महिने हळद आणि मलम. तो अँजिओसार्कोमा होता, रक्तवाहिनीचा, म्हाताऱ्या माणसांच्या टाळूवर तो मुका मार लागल्यासारखाच दिसतो. मुका मार दोन-तीन आठवड्यांत पिवळा पडून जातो, हा पसरत राहतो, एवढंच ध्यानात ठेवलं तरी खूप. आणि दुसरं एक सहा वर्षांचं पोरगं, एका डोळ्याची पापणी सुजलेली आणि डोळा बाहेर आल्यासारखा, दोन आठवड्यांत. मुलांमधला सगळ्यात जास्त दिसणारा सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणजे रॅब्डोमायोसार्कोमा आणि त्याला डोकं-मान ही जागा आवडते. त्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब देऊन वाट नाही बघितली, त्याच आठवड्यात स्कॅन आणि बायोप्सी. डोळ्यामागे एवढ्यातच पकडला तर या मुलांचं बऱ्याचदा फार चांगलं होतं. त्या डॉक्टरांना मी कधी भेटले नाही पण मनातल्या मनात खूप वेळा नमस्कार केलाय.

वहिनीचं पुढचं थोडक्यात. पहिलं ऑपरेशन अंदाजाने झाल्यामुळे कॅन्सर कुठपर्यंत राहिलाय कळायला मार्ग नव्हता, म्हणून आधी मानेचा एमआरआय, आणि सार्कोमा बहुतेक करून रक्तातून फुप्फुसात जातो म्हणून छातीचा सीटी. छाती स्वच्छ होती. मग पूर्ण जुनी जागा, जुन्या टाक्यांसकट परत काढली. मांडीत असता तर चारही बाजूंनी भरपूर निरोगी भाग घेऊन काढता आला असता, मानेत इकडे मोठी रक्तवाहिनी, तिकडे चेहऱ्याची नस, जागा कुठाय? म्हणून तर आधी स्कॅन, मग जाड सुईची कोअर बायोप्सी, जिच्यात पेशींचा चुरा न येता मेदूवड्याच्या भोकाएवढा नाही पण शेवईएवढा अख्खा तुकडा येतो, मग नाव, आणि मग एकदाच नीट ऑपरेशन, हा क्रम असायला हवा होता. आमचा उलटा झाला. नंतर रेडिएशनची तेहेतीस सिटिंग. तोंड कोरडं पडलं, चव गेली, चार महिने ती पेज आणि ताकभातावर होती. आता डाव्या ओठाची कड हसताना किंचित खाली राहते, तिने स्वतःच मला आरशात दाखवली. दर काही महिन्यांनी स्कॅन, आत्तापर्यंत स्वच्छ आहेत.

कुणी विचारलं की आम्ही काय करायचं तर मी एवढंच सांगते. तीन-चार आठवड्यांत न जाणारी, वाढणारी मानेतली गाठ असेल आणि टीबीचा पुरावा नसेल तर कोअर बायोप्सीचं विचारा. उगाच काढून टाकू म्हणले तर आधी स्कॅन करूया का विचारा, डॉक्टर रागावले तर रागावू देत. तुकडा निघाला की तो फॉर्मॅलीनमध्येच आहे ना हे बघा, उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, न कळायला काही नाही. आणि सार्कोमाचा संशय असा शब्द रिपोर्टात दिसला की ब्लॉक मागा. लॅब रजिस्टरवर सही घेऊन देते, परत आणून द्यायचे असतात. ऑनलाइन ओपिनियनला रिपोर्ट अपलोड होतो, ब्लॉक होत नाही.

गेल्या गुरुवारी काउंटरला एक मुलगा आला होता, वडिलांचे ब्लॉक हवेत म्हणून. रॅकमधून नंबर काढला, तीन ब्लॉक आणि सहा स्लाइड, स्लाइड बॉक्समध्ये घातल्या, ब्लॉक कापसात गुंडाळून डबीत, रजिस्टरवर सही. तो डबी हातात घेऊन म्हणाला, एवढंसंच? म्हणलं एवढंसंच, पण बाहेर बेचाळीस डिग्री आहे, डिकीत ठेवू नकोस, मेण मऊ पडतं. शर्टाच्या खिशात नको, बॅगेत आतल्या कप्प्यात ठेव आणि बॅग मांडीवर. त्याने माझ्यासमोरच डब्याची पिशवी बाहेर काढून बॅगेत जागा केली.